ॲलिस इन वंडरलँड

इंग्रजी बालसाहित्यातील एक अभिजात अद्भुतरम्य कादंबरी. मूळ पूर्ण नाव ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’. लेखक लुइस कॅरल (१८३२–९८). एका लहान मुलीने स्वप्नात पाहिलेल्या जगातील तिची भ्रमंती हा या कादंबरीचा विषय. प्रथम प्रकाशन १८६५. ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ (१८७१) ही तिची उत्तरकथा. बालवाङ्मयाला नीतिपाठाच्या बंधनातून मोकळे करणारी कृती म्हणून या कादंबरीचे ऐतिहासिक महत्त्व मान्य झालेले आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने तिचे मराठी रूपांतर केले.

लुइस कॅरल हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. त्याचा जन्म इंग्लंडमधील चेशर परगण्यातील डेअर्झबरी येथे झाला. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात १८५५ ते १८८१ पर्यंत तो गणिताचा अध्यापक होता. आपल्या नावातील पहिल्या दोन शब्दांना लॅटिन रूप देऊन, त्यांचा क्रम उलटवून व त्यांना पुन्हा इंग्रजी वळण देऊन त्याने हे टोपणनाव तयार केले. शब्द उलटसुलट करून पाहण्याची ही हौस आणि गणितज्ञाची काटेकोर तर्कबुद्धी यांचा संयोग त्याच्या सर्व ललित लेखनात दिसून येतो. गणित व तर्कशास्त्र या विषयांवरही त्याने ग्रंथलेखन केले. छायाचित्रणकलेतही त्याला गती होती. त्याच्या खाजगी जीवनाविषयी व लहान मुलींशी असलेल्या त्याच्या स्नेहाविषयी विसाव्या शतकात बरीच उलटसुलट चर्चा झाली. तिचा कृतीच्या वाङ्मयीन मूल्यमापनाशी असलेला संबंध मर्यादित आहे.

कादंबरीच्या निर्मितीची हकीकत प्रसिद्ध आहे. ४ जुलै १८६२ रोजी डॉजसन व त्याचा मित्र रॉबिन्सन डकवर्थ हे क्राइस्ट चर्चचे प्रमुख हेन्री लिडेल यांच्या लॉरिना, ॲलिस व ईडिथ या तीन मुलींना घेऊन ऑक्सफर्डहून गॉडस्टोपर्यंत नावेतून सहलीला गेले. वाटेत मुलींच्या आग्रहावरून डॉजसनने एक गोष्ट रचून सांगितली. त्या वेळी दहा वर्षांच्या असलेल्या ॲलिसने ती लिहून देण्याचा हट्ट धरला. त्यातून ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स अंडर ग्राउंड’ हे स्वतः डॉजसनने काढलेल्या चित्रांनी सजलेले हस्तलिखित तयार झाले व १८६४ मध्ये ते ॲलिसला भेट म्हणून देण्यात आले. छापील कादंबरी या हस्तलिखितापेक्षा बरीच मोठी आहे. वेड्यांची चहापार्टी, सरदारीणबाईंचे मिरपुडीने भरलेले स्वयंपाकघर, हसणारे चेशर मांजर हे आज सर्वांत लोकप्रिय ठरलेले भाग हस्तलिखितात नव्हते. गोष्ट सांगण्याच्या ओघात सुचलेला मूळ गाभा आणि लिहिताना विचारपूर्वक घातलेली भर, असे या कृतीचे दोन थर आहेत. तिच्यातील उत्स्फूर्तता पहिल्या थरातून आलेली असून तिची बौद्धिक धार मुख्यतः दुसऱ्या थरातून आलेली आहे.

कथानक बारा प्रकरणांत विभागलेले आहे. नदीकाठी बहिणीजवळ कंटाळून बसलेल्या ॲलिसला अंगात बंडी घातलेला, घड्याळ पाहत लगबगीने धावणारा एक पांढरा ससा दिसतो. त्याच्या मागोमाग ती बिळात शिरते व खोल खोल पडत जाते. पुढे काही खाल्ले वा प्यायले, की ती एकदम उंच होते किंवा बोटभर उरते. स्वतःच्याच अश्रूंच्या तळ्यात तिला पोहावे लागते. तेथे भेटणारे उंदीर, डोडो, हुक्का ओढणारा सुरवंट, टोपीवाला व त्याचे सोबती हे सगळे तिच्याशी वाद घालतात, तिला प्रश्न विचारतात, तिचा अपमानही करतात. पण तिचे म्हणणे कोणीच नीट ऐकून घेत नाही. शेवटी ती पत्त्यांच्या राज्यात पोचते. तेथील बदामची राणी ऊठसूट प्रत्येकाचा शिरच्छेद करण्याची आज्ञा देते. पण प्रत्यक्षात कोणाचाही शिरच्छेद होत नाही. टार्टांच्या चोरीच्या खटल्यात निकालाआधी शिक्षेची मागणी होते, तेव्हा ॲलिसचा संयम सुटतो. हे सगळे नुसते पत्ते आहेत, असे ती ठणकावून सांगते. पत्ते तिच्या अंगावर उडतात आणि ती जागी होते.

कादंबरीतील स्वप्नाचा उपयोग हा समीक्षकांच्या मतभेदाचा विषय ठरला आहे. जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) याने परीकथांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात स्वप्नाची चौकट वापरणाऱ्या कथा परीकथेच्या कक्षेतून वगळल्या व त्यांत ॲलिसच्या कथांचाही अंतर्भाव केला. अद्भुत जग निर्माण करणाऱ्या लेखकाने ते खरे मानूनच सांगितले पाहिजे. अखेरीस ‘हे स्वप्न होते’ असे म्हणणे म्हणजे वाचकाने ठेवलेल्या विश्वासाचा भंग करणे होय, अशी त्यामागील भूमिका. अनेक दुय्यम लेखकांच्या बाबतीत ती रास्त आहे. कथानक आवरता न आल्यामुळे नायकाला जागे करणाऱ्या बालकथा सर्वच भाषांत विपुल आहेत. कॅरलच्या कादंबरीला मात्र हा आक्षेप पूर्णपणे लागू पडत नाही. कारण तेथे स्वप्न ही सुटकेची वाट नसून रचनेचे तत्त्व आहे. एक स्थळ दुसऱ्या स्थळात विरघळते. दालन व त्यातील काचेचे टेबल नाहीसे होते आणि बरेच पुढे पुन्हा अवतरते. मूल कुशीत घ्यावे तो त्याचे डुक्कर होते. मांजर हळूहळू अदृश्य होते व त्याचे हसू तेवढे मागे राहते. या घटना एकमेकींच्या कारण-परिणाम म्हणून येत नाहीत. तरीही त्यांपैकी एकही घडत असताना ॲलिसला अशक्य वाटत नाही. झोपलेल्या माणसाच्या मनाची ही ठेवण इतक्या अचूकपणे पकडणारी बालकथा त्यापूर्वी इंग्रजीत क्वचितच लिहिली गेली असेल.

या स्वप्नाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्यात शाळा सतत डोकावत राहते. बिळात पडताना ॲलिस अक्षांश-रेखांशांची आठवण करते. आपण पूर्वीच्याच आहोत की बदललो आहोत हे ताडून पाहण्यासाठी ती पाढे म्हणते, राजधान्यांची नावे आठवते, पाठ केलेल्या कविता म्हणून पाहते. आणि प्रत्येक वेळी तोंडातून काही वेगळेच बाहेर पडते. चारचा पाढा म्हणताना चार पाचे बारा व चार सखे तेरा असे तिचे उत्तर येते व या रीतीने आपण विसापर्यंत कधीच पोचणार नाही, असे तिला वाटते. मार्टिन गार्डनर याने आपल्या ‘द ॲनोटेटेड ॲलिस’ (१९६०) या सटीप आवृत्तीत अशा अनेक स्थळांची उकल केली आहे. संख्यालेखनाचा पाया दशमान न ठेवता प्रत्येक पायरीला तीनने वाढवीत नेला, तर (१८, २१, २४ असा) हा पाढा काही अंतरापर्यंत बिनचूक ठरतो आणि वीस या आकड्याशी नेमका मोडतो. वरवर बाष्कळ वाटणाऱ्या वाक्याखाली असा काटेकोर हिशेब दडलेला असणे, हे कॅरलच्या विनोदाचे मर्म होय. लहान वाचकाला पाढा चुकल्याची गंमत वाटते, तर मोठ्या वाचकाला तो का चुकला याचे कुतूहल वाटते. पण दोघांच्याही प्रत्ययात एक भीती समान असते : जे पाठ आहे तेच ‘मी’ असेन आणि पाठ केलेले विसरले, तर मी कोण उरते? सुरवंट ॲलिसला हाच प्रश्न विचारतो आणि तिला उत्तर देता येत नाही. विनोदी कथेला गंभीर अर्थ प्राप्त होतो तो येथे.

कॅरलच्या काळातील इंग्रजी बालवाङ्मय मुख्यतः उपदेशपर होते. मुलांना उद्योगाचे, आज्ञाधारकपणाचे व धर्मनिष्ठेचे धडे देणारी पद्ये घरोघर पाठ करून घेतली जात. कॅरलने यांतील काही सुपरिचित पद्यांची विडंबने ॲलिसच्या तोंडी घातली. आयझाक वॉट्सच्या कवितेतील उद्योगी मधमाशीच्या जागी माशांना हसतमुखाने गिळणारी मगर आली. रॉबर्ट साउदीच्या कवितेतील संयमी वृद्धाच्या जागी डोक्यावर उभा राहणारा म्हातारा आला. मूळ पद्ये आज बव्हंशी विस्मृतीत गेली असून विडंबने मात्र जिवंत आहेत. सरदारीणबाई हे पात्रही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिला प्रत्येक गोष्टीत काही ना काही तात्पर्य सापडते, मग त्याचा मूळ गोष्टीशी संबंध असो वा नसो. बोधाच्या हव्यासाची यापेक्षा नेमकी थट्टा इंग्रजी बालसाहित्यात आढळत नाही. एडवर्ड लीअरने ‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’ (१८४६) या संग्रहाने निरर्थक पद्याची वाट मोकळी केली होती. कॅरलने तिला कादंबरीचा विस्तार व तर्काची शिस्त दिली.

‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या उत्तरकथेत ॲलिस आरशापलीकडील घरात शिरते. पहिल्या कथेत पत्ते आहेत, तर येथे बुद्धिबळाचा पट आहे. ॲलिस प्यादे म्हणून निघते व अखेरच्या घरात पोचून वजीर होते. येथे सारेच उलटे आहे : एका जागी टिकून राहण्यासाठी जिवाच्या आकांताने धावावे लागते, जखम होण्याआधी वेदना होते. ही कथा पहिलीपेक्षा अधिक बांधेसूद असली, तरी तिच्यातील खेळकरपणा काहीसा कमी झालेला जाणवतो. झोपलेला तांबडा राजा तुलाच स्वप्नात पाहत आहे, तो जागा झाला तर तू विझून जाशील, असे ॲलिसला सांगितले जाते. हे स्वप्न तिचे की राजाचे, हा प्रश्न पुस्तक संपले तरी उघडाच राहतो. भारतीय वाचकाला येथे ‘योगवासिष्ठा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यातील लवण राजा काही क्षणांच्या भ्रमात एक संपूर्ण निराळे आयुष्य जगून येतो. दोहोंतील भेद मात्र मूलगामी आहे. ‘योगवासिष्ठा’तील स्वप्न जगाचे मिथ्यात्व पटवून वैराग्याकडे नेते, कॅरलचे स्वप्न काहीच पटवून देत नाही. ॲलिस प्रश्न आपल्या मांजरीच्या पिलाला विचारते आणि पिलू पंजा चाटत राहते.

दोन्ही पुस्तकांतील चित्रे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार जॉन टेनिएल याची आहेत. पहिल्या मुद्रणातील चित्रांच्या छपाईविषयी त्याने असमाधान व्यक्त केल्यामुळे ते मुद्रण मागे घेऊन पुस्तक पुन्हा छापण्यात आले. टेनिएलने स्वप्नातील प्राणी व माणसे धूसर न रंगविता नेटक्या, ठाशीव रेषांत काढली. अशक्य गोष्ट स्पष्टपणे दाखविणे हेच मजकुराचे धोरण असल्याने चित्रे व मजकूर येथे अभिन्न झाले आहेत. मूळ हस्तलिखित १९२८ मध्ये लिलावात विकले जाऊन अमेरिकेत गेले. १९४८ मध्ये ते ब्रिटिश म्यूझियमला परत मिळाले.

कादंबरीची जर्मन व फ्रेंच भाषांतरे १८६९ मध्येच प्रसिद्ध झाली. त्यानंतर जगातील बहुतेक प्रमुख भाषांत ती गेली. तिचे भाषांतर अतिशय अवघड मानले जाते. कारण तिच्यातील पात्रांचा जन्मच पुष्कळदा भाषेतून झालेला आहे. टोपीवाला व मार्च महिन्यातला ससा ही दोन्ही पात्रे वेडेपणाविषयीच्या इंग्रजी वाक्प्रचारांतून उचललेली आहेत. ‘नकली कासव’ हे पात्र कासवाच्या सारासारखे भासणाऱ्या एका पदार्थाच्या नावाची चुकीची फोड करून मिळालेले आहे. शब्दशः भाषांतरात ही पात्रे उरतात, पण ती तेथे का आली हे उरत नाही. म्हणून समर्थ भाषांतरकारांनी रूपांतराचा मार्ग पत्करला. व्ह्लादिमिर नाबोकॉव्हने १९२३ मध्ये केलेल्या रशियन रूपांतरात ॲलिसची ‘आन्या’ झाली व विडंबनासाठी रशियन शाळांतील परिचित कविता आल्या.

भारतीय भाषांपैकी बंगालीत या कादंबरीचा सर्जनशील परिणाम विशेष ठळकपणे दिसतो. त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांच्या ‘कंकावती’ (१८९२) या कादंबरीतील नायिकेचा स्वप्नप्रवास ॲलिसच्या वळणाचा आहे. पण त्यातील भुते व प्राणी अस्सल बंगाली आहेत. सुकुमार राय (१८८७–१९२३) यांच्या ‘ह-य-ब-र-ल’मध्ये झाडाखाली झोपलेल्या मुलाच्या हातरुमालाचे मांजर होते, कावळा पाटीवर हिशेब मांडतो आणि अखेर न्यायालयाचा गोंधळ होतो. चौकट कॅरलची असूनही एकही ओळ भाषांतरित वाटत नाही. परकी कृती पचवून स्वतंत्र कृती निर्माण होण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठी बालवाङ्मयाचा आरंभ भाषांतरातूनच झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंचे प्रयोजन नीतिशिक्षण हे होते, आणि प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य देण्याची पद्धत मराठीत दीर्घकाळ टिकली. कॅरलची सरदारीणबाई मराठी क्रमिक पुस्तकांत मुळीच उपरी वाटली नसती. कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीत आणलेल्या अरबी कथांनी अद्भुताची गोडी लावली, पण त्या मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकाने मुलांच्या रंजनाला मान्यता दिली. पुढे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाने संस्कारप्रधान लेखनाचा आणि ना. धों. ताम्हनकर यांच्या ‘गोट्या’ने घरगुती वास्तवाचा आदर्श घालून दिला. दोन्ही आदर्श मोलाचे. परंतु अर्थाच्या ओझ्यापासून संपूर्ण मुक्त असा स्वप्नलोक त्यांच्या कक्षेत येत नव्हता.

भा. रा. भागवत यांनी ही उणीव ओळखली. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक काढले. ज्यूल व्हेर्नच्या विज्ञानकथांची त्यांनी मराठी रूपांतरे केली आणि ‘फास्टर फेणे’ हा साहसी शाळकरी नायक निर्माण केला. साहस, विज्ञान व स्वप्न अशा तीनही अंगांनी मराठी मुलाचे कल्पनाविश्व विस्तारावे, ही त्यांची दृष्टी या लेखनामागे दिसते. ‘जाईची नवलकहाणी’ हे त्यांतील स्वप्नाचे अंग होय. शीर्षकातच रूपांतराची दिशा स्पष्ट होते. ‘ॲलिस’ या नावाला मराठी कानाला अर्थ नाही. ‘जाई’ मात्र अंगणातली आहे. नाबोकॉव्हप्रमाणेच भागवतांनीही नायिका आपलीशी केली, आणि बाल वाचकाचा विचार करता तो निर्णय योग्य म्हणावा लागेल. कारण घराची खूण पटल्याखेरीज घराबाहेरचे नवल नवल वाटत नाही. ‘कहाणी’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. मराठीत कहाणी म्हणजे व्रताची कथा. ती ऐकल्याचे फळ मिळते. ही कहाणी मात्र निष्फळ आहे आणि त्यातच तिचे नवल आहे. अर्थात अशा रूपांतरात काही गमावलेही जाते. मूळ ॲलिस ही व्हिक्टोरियन काळातील, शिष्टाचार जपणारी, आपल्या दर्जाविषयी जागरूक अशी मुलगी आहे. तिच्या सभ्यपणाची पदोपदी होणारी फजिती हा विनोदाचा मोठा झरा असून नायिका मराठी घरातील झाली, की शिष्टाचाराची नवी घडी बसवावी लागते.

ही घडी बसविताना मराठी भाषा काही अडचणी उभ्या करते, तर काही सोयीही पुरविते. इंग्रजीत सर्वांना एकच द्वितीयपुरुषी सर्वनाम पुरते. मराठीत नायिका सुरवंटाला ‘तू’ म्हणणार, ‘तुम्ही’ म्हणणार की ‘आपण’, हे ठरविल्याशिवाय एकही संवाद लिहिता येत नाही. सशाला ‘सशा’ म्हणावे की ‘ससेभाऊ’, राणीपुढे किती लवावे, रागावल्यावर ‘तुम्ही’चे ‘तू’ केव्हा करावे, या निवडींतून मूळात अध्याहृत असलेले मानापमान मराठीत उघड होतात. अखेरच्या खटल्यात राणीला पहिल्यांदा ‘तू’ म्हणण्याने जो स्फोट साधता येईल, तो इंग्रजीला त्याच्या व्याकरणामुळे अप्राप्य आहे. पत्त्यांच्या राज्यातील बदाम, इस्पिक, चौकट व किलवर ही मंडळी मराठी मुलांच्या ओळखीची आहेत. क्रोकेसारखा खेळ मात्र परका असून त्याचे स्पष्टीकरण देत बसल्यास विनोद विरतो. वाक्प्रचारातून पात्र निर्माण करण्याची युक्ती मराठीत सहज साधण्यासारखी आहे : ‘उंटावरचा शहाणा’ हा टोपीवाल्याच्या पंगतीला बसण्यास सर्वथा लायक होय. कर, पान, वार असे अनेकार्थी शब्द मराठीत विपुल असून श्लेष-यमकांची मोरोपंतांपासूनची परंपराही हाताशी आहे. उंदराच्या शेपटीच्या आकारात छापलेली त्याची कैफियत इंग्रजीत नवलाची ठरली. संस्कृत चित्रकाव्यातील खड्गबंध-पद्मबंध ठाऊक असलेल्या वाचकाला तिचे कूळ अपरिचित वाटणार नाही. विडंबनाच्या दृष्टीनेही ‘झेंडूची फुले’ (१९२५) या प्र. के. अत्रे यांच्या संग्रहाने मराठीत भक्कम पाया घातलेला होता.

निरर्थकाचा व व्यस्ततेचा खेळ मराठी परंपरेत नव्हता, असे म्हणता येत नाही. वारकरी संतांच्या कूट अभंगांत अशक्य घटनांची मालिकाच असते. एकनाथांच्या भारुडांतही विसंगतीची मौज आहे. तथापि हे कूट सोडविण्यासाठी असते; वरचे कवच फोडले, की आत अध्यात्म सापडते. हिंगोली जिल्ह्यातील आख्यायिकांतून हा भेद चांगला लक्षात येतो. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आणि औंढा नागनाथ ही दोन्ही क्षेत्रे या जिल्ह्यात आहेत. विसोबा खेचरांचे पाय पिंडीवरून उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंड प्रकट झाली, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळच फिरले, या कथा त्या परिसरात सर्वतोमुखी आहेत. दिशा फिरणे, वस्तू जागा सोडणे, खालचे वर होणे ही या कथांतील सामग्री वंडरलँडचीच आहे. पण तेथे देऊळ फिरते ते भक्तीची साक्ष म्हणून. वंडरलँडमध्ये काही फिरले, तर ते कशाचीच साक्ष देत नाही. मराठी श्रोत्याला अद्भुत नवे नव्हते. निष्कारण अद्भुत नवे होते.

यावरून असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल, की ही कादंबरी केवळ इंग्रजी शिकलेल्या शहरी मुलांसाठीच आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे पुण्या-मुंबईचे मराठी बालवाङ्मय तेथील खेड्यांत उशिरा पोचले. परंतु हिंगोली जिल्ह्यातील साखरा यांसारख्या गावांतील मुलांना कथेतील अशक्याची सवय छापील पुस्तकाने लावलेली नसते. भोपळ्यात बसून वाघाला चकविणारी म्हातारी, शेणाच्या व मेणाच्या घरांत राहणारे कावळा-चिमणी यांच्या गोष्टी मराठी मुलाने पाळण्याच्या वयातच ऐकलेल्या असतात, आणि त्यांत तात्पर्य नावापुरतेच असते. मौखिक लोककथेतील हा मोकळेपणा छापील बालसाहित्याने दीर्घकाळ दुर्लक्षिला. भाषांतरित स्वप्नकथेचे एक कार्य असे, की ती भाषेला तिच्याच विसरलेल्या ठेव्याची आठवण करून देते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकामुळे असे वाङ्मय ग्रामीण शाळांपर्यंत नेण्याचे एक साधन उपलब्ध झाले.

स्वतंत्र मराठी निर्मितीत या वृत्तीचा सर्वांत समर्थ आविष्कार कवितेत झाला. विंदा करंदीकर (१९१८–२०१०) यांच्या ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) या बालकवितासंग्रहात स्वतःचे विक्षिप्त नियम असलेला एक समग्र देश उभा राहतो. त्याला बोधाची गरज भासत नाही आणि त्याची भाषा पूर्णतः मराठी आहे. गद्यात जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांच्या ‘बखर बिम्मची’ने लहान मुलाच्या तर्काला त्याच्याच पातळीवरून प्रतिष्ठा दिली. सुकुमार राय यांच्या कृतीशी तुलना करता येईल अशी, आरंभापासून अखेरपर्यंत स्वप्नाच्याच नियमांनी चालणारी सर्वमान्य बालकादंबरी मात्र मराठीत सहजी दाखविता येत नाही. विडंबन, श्लेष, कूट व लोककथा ही सर्व सामग्री असूनही असे व्हावे, याचे कारण भाषेत नसून बालसाहित्याविषयीच्या अपेक्षेत शोधावे लागते. मुलाच्या हाती दिलेल्या पुस्तकाने त्याला काहीतरी दिलेच पाहिजे, हा पालक-शिक्षकांचा आग्रह स्वप्नकथेला मानवत नाही.

ॲलिसच्या कथेत दोष नाहीत असे नाही. तिचे प्रसंग सैलपणे गुंफलेले आहेत. काहींचा क्रम बदलला तरी बिघडणार नाही. पात्रांत जिव्हाळा जवळजवळ नाही. शिरच्छेदाच्या धमक्या व सततची अवहेलना काही मुलांना भयावह वाटते. वाङ्मयीन कोडी उकलण्यात रमणाऱ्या प्रौढांनी हे पुस्तक मुलांपासून हिरावून घेतले, असाही आक्षेप घेतला जातो. विल्यम एम्पसनसारख्या समीक्षकांनी मनोविश्लेषणाच्या साहाय्याने केलेली मीमांसा उद्बोधक असली, तरी तिच्या भाराखाली कथेचा खेळ दबण्याचा धोका आहे. या आक्षेपांतील जिव्हाळ्याचा मुद्दा अधिक विचारार्ह होय. तथापि मोठ्यांच्या अतर्क्य जगात वावरणाऱ्या मुलाचा अनुभव नेमका असाच असतो : नियम कोणी समजावून सांगत नाही, ते मोडल्याबद्दल मात्र रागावले जाते. ॲलिस या जगाशी भांडते, त्यात रडते, पण आपली विचारशक्ती गहाण टाकत नाही. निकालाआधी शिक्षा नको, हे तिचे अखेरचे म्हणणे कोणाही पुस्तकातून पाठ केलेले नाही. ज्या मुलीला वाटेत एकही कविता धड म्हणता आली नाही, ती येथे प्रथमच स्वतःचे वाक्य बोलते, आणि त्यासरशी तिला जाग येते. उपदेश टाळणाऱ्या या कादंबरीने मुलाच्या बुद्धीवर टाकलेला हा विश्वास उपदेशपर वाङ्मयात अभावानेच आढळतो.